घर कसं हाय?

सिद्धेश्वरीनं सोलापुरातल्या जितक्या घरांत बसून भाकरी खाल्ली होती, तितक्या घरांत कुणा पुढाऱ्यानं निवडणुकीतसुद्धा खाल्ली नसेल. आणि पुढारी एकदा खाऊन जातो, ही बाई दर वर्षी यायची. गड्ड्याची जत्रा उठली, पाळणेवाले सामान बांधून निघाले, की हिची फेरी सुरू. काम पुण्याच्या एका संस्थेचं. तीच घरं, तीच माणसं, तेच प्रश्न, वर्षानुवर्षं. तुमच्याकडं जेवायला कोण येतं? तुम्ही कुणाकडं जेवता? मयताला खांदा द्यायला कोण आलं होतं? भिंतीवर कुणाची तसबीर आहे, आणि पोराच्या वाढदिवसाला शेजारपाजारचं कोण कोण होतं? जात आणि धर्म माणसाच्या रोजच्या जगण्यात कुठं कुठं ठाण मांडून बसलेले असतात, ते सावकाश बघायचं, असा सगळा मामला होता. सावकाश म्हणजे किती, तर सिद्धेश्वरी या कामाला लागली तेव्हा तिच्या वेणीत गजरा शोभायचा. आता केस पांढरे झाले होते, आणि लग्न करायचं जे राहून गेलं होतं ते राहूनच गेलं.

या कामाचा एक नियम होता आणि तो तिनं जिवापाड सांभाळला होता. एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही. वाईट तर नाहीच, चांगलंही नाही. सुरुवातीला लोकांनी तिची परीक्षा घेतली. शेजारणीच्या घरात काय शिजतं, सून सासूशी बोलते का, असं आडून आडून विचारलं, वर चहाचा दुसरा कपही दिला. बाई चहा प्यायची आणि हसून पुढच्या प्रश्नाकडं वळायची. हिच्या पोटातलं ओठावर येत नाही, अशी खात्री पटली तेव्हा लोक तिच्याशी मोकळेपणानं बोलायला लागले. नवऱ्याशी न बोललेलं बायका तिच्याशी बोलल्या. या एका गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि अभिमान वाटावा असं तिच्या आयुष्यात दुसरं फारसं काही नव्हतं.

सगळी घरं आपल्याला सारखीच, असं ती पुण्यात सांगायची. हे मात्र साफ खोटं. पारूबाईचं घर तिचं होतं. पारूबाई शाळेत शिपाई, नवरा गिरणीतला, तो छातीत कळ येऊन अवेळी गेलेला. पदरात एक मुलगी, बुद्धप्रिया. सिद्धेश्वरी पहिल्यांदा त्या घरात गेली तेव्हा ती पोर तिसरीत होती आणि बुद्धवंदना म्हणताना मध्येच डोळा उघडून या नव्या बाईकडं बघत होती. प्रश्न संपले की इतर घरांतून सिद्धेश्वरी उठायची, इथं तिचा पाय निघत नसे. पारूबाई तव्यावरची भाकरी उतरवायची, शेंगाचटणीवर तेल सोडायची, आणि दोघी काय बोलायच्या ते दोघींनाच ठाऊक. फेरी नसतानाही ती जायची. सिद्धेश्वरीची आई वारली तेव्हा सख्ख्या भावजया तिसऱ्या दिवशी परत गेल्या, पारूबाई थांबली. सिद्धेश्वरीचं घर लिंगायतांचं. पारूबाई स्वयंपाकघरात शिरली तशा काकवा दाराशी घुटमळायला लागल्या. तेव्हा सिद्धेश्वरी सगळ्यांसमोर म्हणाली होती, ही माझी बहीण आहे, ज्याला आत यायचं नसेल त्यानं बाहेर बसावं. म्हणजे बाई घाबरट नव्हती, हेही इथं सांगून ठेवतो.

आता त्याच फेरीतलं दुसरं घर. अक्कलकोट रोडला रावजी राहायचा. मूळचा मैंदर्गीचा, शेतकरी घराण्यातला, एसटीच्या वर्कशॉपात नोकरी करून इथंच स्थायिक झालेला. बायको सोनाबाई आणि एकुलता एक मुलगा, अजिंक्य. पोरगा औषधांच्या कंपनीत लागला होता. दवाखाने, लॅब असं हिंडायचा, आणि एका लॅबमध्ये रक्त तपासणारी बुद्धप्रिया त्याला भेटली. दोघांचं जमलं. दोन वर्षं जमत होतं आणि सिद्धेश्वरीला दोन्ही घरांत ते माहीत होतं. एका घरी मुलीनं लाजत सांगितलं, दुसऱ्या घरी मुलानं बाइक पुसता पुसता. तिनं दोन्हीकडं नुसती मान डोलावली. मनातून मात्र इतकी खूश झाली की परतताना रिक्षावाल्याशी उगीच हसून बोलली.

अजिंक्यनं घरात विषय काढला तेव्हा जे व्हायचं तेच झालं. सोनाबाईनं अन्न सोडलं. रावजीनं बोलणं सोडलं. मैंदर्गीहून भाऊ येऊन दोन शब्द जास्तच बोलून गेले. पण रावजी माणूस आतून मऊ होता. पोरगा दिवसेंदिवस वाळत चाललेला बघून तो विरघळला. आणि एका रविवारी सकाळी पिशवीत हुरडा घेऊन तो सिद्धेश्वरीच्या दारात येऊन उभा राहिला.

त्याचं यायचं कारण तिला लगेच कळलं. तिनं चहा ठेवला. तो पिकापाण्याचं बोलला, ज्वारी यंदा बरी आहे म्हणाला, आणि मग कप हातात धरून एकदम मुद्द्यावर आला.

"मॅडम, जातीचं मी गिळलं. गिळलं म्हंजे गिळलं. पर भावकीला एक शबूद सांगाय पायजे की. पोरगं म्हनतंय, तुमी त्या घरात इतकी वर्सं जाताय, भाकरी खाताय. तुमच्याबिगर कोन सांगनार? एकच सांगा. घर कसं हाय?"

सिद्धेश्वरीच्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण त्या ओठांना इतक्या वर्षांची सवय होती. शिवाय मनात आणखी एक विचार चमकून गेला, आणि तो तिला फार थोर वाटला. या शिकल्यासवरल्या पोरीला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज का असावी? मी कोण तिला चांगली ठरवणारी? थोर विचारांचं हे असंच असतं, नेमके नको तेव्हा येतात.

"रावजीदादा," ती म्हणाली, "मला कुणाच्याच घरचं काही सांगता येत नाही. तुमचंही मी कुठं बोलत नाही."

"काइच न्हाई?"

"काहीच नाही."

रावजीनं तिच्याकडं बघितलं. मग कपाकडं बघितलं. निम्मा चहा तसाच ठेवून तो उठला, येतो म्हणाला आणि चपला घालून गेला. हुरड्याची पिशवी राहिली. आपण नियम पाळला, तोही जिवावर येऊन पाळला, या समाधानात सिद्धेश्वरीनं तो हुरडा भाजून खाल्ला.

आता आपल्याकडची एक रीत सांगायला हवी. स्थळाची चौकशी करायला माणूस आला की कुणी कुणाच्या लेकीला वाईट म्हणत नाही. लग्न मोडल्याचं पाप कोण डोक्यावर घेईल? घर चांगलं असेल तर म्हणायचं, डोळे झाकून करा. बरं असेल तर म्हणायचं, चांगली माणसं आहेत. आणि खरंच काही वाईट असेल, घरात वेड असेल, काही झाकलेलं असेल, तर म्हणायचं, आमचं काही फारसं जाणं-येणं नाही बुवा, आम्हाला सांगता यायचं नाही. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं आणि चहा अर्धा टाकून उठायचं. पुन्हा त्या घराचं नाव काढायचं नाही. सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. आणि गंमत अशी की सिद्धेश्वरीनं हीच रीत पुण्यातल्या मोठमोठ्या लोकांना उभं राहून समजावून सांगितली होती. आपल्याकडं न बोलणं हाच नकार असतो, असं तिचंच वाक्य होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

रावजी घरी गेला तो गप्प. सोनाबाईनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, कुठंतरी पाणी मुरतंय. जातीचं असतं तर गिळता आलं असतं. हे काय आहे तेच कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याला तळ नसतो.

सिद्धेश्वरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिची फेरी चालू होती. उन्हं तापायला लागली, फेरी संपली, तेव्हा एका दुपारी ती पारूबाईकडं गेली. लग्नाचं कुठवर आलं ते ऐकू, असं मनात धरूनच गेली. पारूबाई चुलीपुढं बसली होती. गॅस होता, पण भाकरी ती चुलीवरच करायची. बस म्हणाली, आणि पीठ मळता मळता, वर न बघता, सगळं सांगितलं.

पोरं कंबर तलावावर बसली होती. अजिंक्य म्हणाला, तुमच्या घरात असं काही आहे का, जे मला माहीत नाही? बुद्धप्रिया आधी हसली. त्यानं पुन्हा विचारलं. वडील कशानं गेले? खरंच छातीतली कळ होती का? पारूबाईची सख्खी बहीण सासरहून परत का आली होती? दवाखान्याचे कागद आहेत का? तिनं एकेक करून सगळ्याची उत्तरं दिली. सगळी दिली तरी तो तिच्याकडं तसाच बघत राहिला. तेव्हा ती उठली. घरी येऊन आईला म्हणाली, ज्याला माझं घर तपासावं लागतं, त्याच्या घरी मला जायचं नाही. मोडलं ते तिनंच. त्यानंतर बातमीला पाय फुटले. मंगळवेढ्याचं एक स्थळ, त्यांच्याच समाजातलं, वर्षभर मागं लागलं होतं. तेही निरोप न देता गप्प झालं. कुणी काही बोलत नव्हतं, नुसतं थांबत होतं.

पारूबाईनं भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं आणि मग पहिल्यांदा वर बघितलं.

"त्यो पोरगा म्हनला, तुमचं घर आतून बघितलेलं एक मानूस हाय, ते बी तोंड उघडाय तयार न्हाय. रावजी तुज्याकडं आला व्हता का गं?"

आणि सिद्धेश्वरीच्या तोंडून जे निघालं, ते ती बोलली नाही, तिची सवय बोलली.

"अक्का, ते मला सांगता येत नाही."

शब्द तोंडातून सुटले आणि तिला ते स्वतःच्या कानांनी ऐकू आले. रावजीला ते कसे ऐकू गेले असतील, हे त्या क्षणी तिला कळलं. चुलीतला धूर डोळ्यांत गेला म्हणावं तर धूर नव्हता, ती रडत होती, चांगली हुंदके देऊन रडत होती. मी काय केलं गं अक्का, एवढंच परत परत म्हणत होती.

पारूबाईनं तिला शिव्या दिल्या असत्या, हाताला धरून बाहेर काढलं असतं, तर बरं झालं असतं. तिनं भाकरी उलटली. ती फुगली तशी काढली आणि ताटात घालून तिच्यापुढं सरकवली.

"तू कुनाचंच सांगत न्हाईस. मला ठाव हाय. तुजा नेमच हाय त्यो," ती म्हणाली. "पोरीला बी मी त्येच सांगितलं. नेमानं वागली, तिचा काय दोस. खा आता."

सिद्धेश्वरीला तो घास गिळवला नाही. माफी मागणाऱ्याला माफी नाकारली तर तो निदान भांडू शकतो. आधीच माफ करून टाकलेल्या माणसानं काय करायचं? तिनं भाकरी पदरात बांधून घेतली आणि तिथून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती अक्कलकोट रोडला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती नियम मोडायला निघाली होती, आणि वाटेत तिला त्याचं काहीच वाटलं नाही. रावजी ओट्यावर बसला होता. सोनाबाईनं पाणी आणून दिलं. सिद्धेश्वरी पाणी न पिताच बोलायला लागली. पारूबाईचं घर सोन्यासारखं आहे, तिचा नवरा छातीत कळ येऊनच गेला, मी दवाखान्यात बघायला गेले होते. पोर गुणी आहे, हसरी आहे, आईला जपते. त्या घरात मी माझी आई गेल्यावर रडले आहे. तुम्हाला त्या दिवशी काही बोलले नाही, कारण कुणाच्याच घरचं मी कधी बोलत नाही, दुसरं काही कारण नव्हतं. डोळे झाकून करा, असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

रावजीनं सगळं शांतपणे ऐकलं. अजिंक्यचं दुधनीची मुलगी बघून ठरल्यात जमा आहे, असं त्यानं सांगितलं. पोरगा हो म्हणाला होता. हो म्हणजे काय, नाही म्हणाला नव्हता. मग रस्त्याकडं बघत तो म्हणाला,

"ह्ये तवा बोलला असता तर मी पोराला घिऊन त्यांच्या दारात गेलो असतो, मॅडम. शप्पत." तो उठून उभा राहिला. "पर आज तुमी त्यांच्या घरातलं माज्या वट्यावर सांगताय. उद्या आमचं कुनाच्या वट्यावर सांगाल? पुढल्या साली हिकडं यिऊ नगा."

सोनाबाईनं भरलेला तांब्या आत नेला. तेलही गेलं, तूपही गेलं, असं म्हणतात. सिद्धेश्वरीच्या हाती धुपाटणंही आलं नाही. ती भर उन्हात स्टँडपर्यंत चालत गेली.

राहिली बुद्धप्रिया. तिच्यासमोर जायचा धीर होईना. शेवटी एक दिवस सिद्धेश्वरी लॅबच्या बाहेर, कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. पोर जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली. पांढरा कोट, डोळ्यांखाली काळं. तिनं सिद्धेश्वरीला बघितलं आणि नेहमीसारखी मिठी मारली नाही, पण तोंडही फिरवलं नाही. दोघी पारावर बसल्या.

रावजीकडं जाऊन आले, सगळं सांगून आले, असं सिद्धेश्वरी म्हणाली. बुद्धप्रियानं डबा उघडला नाही. कशाला गेलात, म्हणाली. मला तो आता नको आहे. त्यानं प्रश्न विचारला म्हणून नको आहे, आणि रात्रंदिवस तोच आठवतो, असं दोन्ही एका दमात बोलली आणि मान खाली घातली. सिद्धेश्वरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं ठेवू दिला. मग बुद्धप्रिया बोलली, तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. रिपोर्ट वाचून दाखवावा तशी ती बोलत होती.

"मावशी, चांगली माणसं आहेत, एवढंच म्हणायचं होतं. एवढं तर आमच्या गल्लीतला वाणीही म्हणाला असता. मी नियमाला नावं ठेवत नाही. फक्त एक सांगा. तुमच्या समाजातली मुलगी असती, तुमच्याच फेरीतल्या घरातली, आणि तिचं कुणी विचारलं असतं, तरी तुम्ही गप्प बसला असता?"

सिद्धेश्वरी लगेच हो म्हणणार होती. हो तोंडात तयारच होतं. आणि तेवढ्यात तिला अक्कलकोटचं एक लग्न आठवलं.

दोन वर्षं झाली असतील. पंगत उठली होती, बायका विडे करत बसल्या होत्या. नात्यातली कुणीतरी काकू शेजारी सरकली आणि कानडीत म्हणाली, तुमच्या सोलापूरच्या मल्लप्पाची मुलगी सांगून आली आहे, तू जातेस ना त्यांच्याकडं? मल्लप्पाचं घर फेरीतलंच. आणि सिद्धेश्वरी सुपारी कातरता कातरता म्हणाली होती, भाळ छलो मंदी. फार चांगली माणसं. एवढंच. नियम आठवलाही नाही. ती चौकशी होती असं वाटलंच नाही, आपल्या माणसांतलं आपलं बोलणं वाटलं. पुढं मल्लप्पाच्या मुलीचं ते लग्न झालं, आणि मल्लव्वानं, त्या मुलीच्या आईनं, तिला आग्रह करकरून जेवू घातलं होतं. एवढी वर्षं ती लोकांच्या घरात जात शोधत फिरली होती. कुठं लपलेली असते, कशी बोलते, कशी गप्प बसते, सगळं तिला ओळखता यायचं. ही एक राहिली होती.

खोटं बोलता आलं असतं. पण समोर बसलेल्या या पोरीला तिनं तिसरीपासून सांगितलं होतं, मला खरं उत्तर द्यायचं, चांगलं नाही दिलं तरी चालेल. सिद्धेश्वरीनं तिला लग्नाचं सांगितलं. काकूचं, सुपारीचं, त्या तीन कानडी शब्दांचं. काहीही न वगळता सांगितलं.

बुद्धप्रियानं सगळं ऐकून घेतलं. लॅबच्या दारातून कुणीतरी तिला हाक मारली, पेशंट थांबले होते. ती उठली, कोट झटकला, न उघडलेला डबा हातात घेतला. दोन पावलं गेली आणि परत वळली.

"आईला हे सांगू नका," ती म्हणाली. "तिला अजून वाटतंय, तुम्ही नियमामुळं गप्प बसलात."